रांगणें आणि मनाची उभारी

घरांतील मूल रांगूं लागलें म्हणजे साऱ्या घराची मांडणी बदलते. खालच्या फळीवरच्या बरण्या वरच्या फळीवर जातात, समई उंच ठिकाणीं चढते, जिन्याच्या तोंडाशीं अडसर येतो, आणि 'दार लावा, बाळ बाहेर जाईल' हा घोष दिवसभर चालूं राहतो. वडील माणसांच्या दृष्टीनें ही शरीराच्या वाढीची एक पायरी असते. पायांत बळ आलें, कंबर सावरली, आतां थोड्याच महिन्यांत मूल उभें राहील, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब खोटा नाहीं. पण तो अपुरा आहे. ज्या दिवशीं मूल आपल्या अंगबळानें हातभर पुढें सरकतें, त्या दिवसापासून त्याच्या मनांतहि मोठी उलाढाल सुरू होते. भीति, धीर, राग आणि विश्वास या चारहि गोष्टींना त्या हालचालीनें नवा आकार येतो. हा आकार कसा येतो, याचा शोध गेल्या साठ-पासष्ट वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं मोठ्या चिकाटीनें घेतला आहे.

'मनाची उभारी' हा शब्द येथें नेमक्या अर्थानें घ्यावयाचा आहे. जें मूल कधीं रडत नाहीं किंवा कशालाहि भीत नाहीं तें उभारीचें मूल, असा त्याचा अर्थ नव्हे. भ्यालें तरी जें थोड्या वेळानें सावरतें, पडलें तरी जें पुन्हां हात टेकून उठतें, आणि आपलें बळ पुरत नाहींसें दिसतांच जें ओळखीच्या माणसाकडे वळतें, त्या मुलाच्या मनाला उभारी आहे असें म्हणावें. हा गुण उपदेशानें येत नाहीं. सहा महिन्यांच्या मुलाला उपदेश कळतहि नाहीं. तो अंगाच्या हालचालींतून कणाकणानें येतो.

मुलाची पहिली हालचाल मात्र त्याची स्वतःची नसते. ती उसनी असते. गर्भांत असतांना आईच्या चालण्याबरोबर तें झुलत असतें. तोल आणि गति ओळखणारें इंद्रिय कानाच्या अगदीं आंतल्या भागांत असतें, आणि तें जन्मापूर्वींच कामाला लागलेलें असतें. जन्मानंतर रडणाऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन चार फेऱ्या मारल्या कीं तें निवतें, याचें मूळ येथें आहे. पाळणा, झोळी, मांडीवर घेऊन डुलवणें हे आजीबाईंनीं पिढ्यान्‌पिढ्या चालविलेले उपाय याच पायावर उभे आहेत.

या उपायांची शास्त्रीय रीतीनेंहि परीक्षा झाली आहे. कॅनडांतील माँट्रियल येथें झालेला एक प्रयोग १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कांहीं मातांना असें सांगण्यांत आलें होतें, कीं मूल रडत नसलें तरीहि त्याला रोज नेहमीपेक्षां अधिक वेळ अंगाशीं घेऊन वागवावें. सहा आठवड्यांच्या वयाला या मुलांचें रडणें व कुरकुरणें इतर मुलांपेक्षां शेंकडा ४३ नें कमी भरलें. पोटशूळ होऊन जीं मुलें तासन्‌तास रडतात त्यांच्यावर हा उपाय पुढें करून पाहिला, तेव्हां त्याचा तसा गुण आला नाहीं. पण सर्वसाधारण निरोगी मुलाच्या बाबतींत त्याचा उपयोग दिसून आला. जपानांतील रिकेन या संशोधनसंस्थेंत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं याच्यापुढची पायरी गांठली. आई मुलाला घेऊन नुसती बसली असतां काय होतें, आणि त्याला घेऊन चालूं लागली असतां काय होतें, हें त्यांनीं ताडून पाहिलें. आई चालूं लागतांच मुलाचें हातपाय झाडणें थांबतें, रडणें ओसरतें आणि हृदयाचे ठोके लगेच मंदावतात. नुसत्या बसण्यानें इतका पालट होत नाहीं. उंदराच्या पिलांतहि त्यांना हाच प्रकार आढळला. पिलूं मानगुटीला धरून उचललें म्हणजे अंग आवरून निश्चल होतें. याच संशोधकांनीं २०२२ सालीं एक व्यवहारोपयोगी गोष्ट सांगितली. रडणाऱ्या मुलाला घेऊन पांच मिनिटें सारखें चालावें, डोळा लागल्यावर पांच ते आठ मिनिटें त्याला तसेंच घेऊन बसून राहावें, आणि मग अंथरुणावर ठेवावें.

उभारीचा पहिला धडा येथें मिळतो. तान्ह्या मुलाला स्वतःचें मन स्वतः शांत करतां येत नाहीं; तो शांतपणा त्याला दुसऱ्याच्या अंगाकडून उसना घ्यावा लागतो. पण क्षोभ उठतो आणि तो ओसरतोहि, हा अनुभव रोज पुन्हां पुन्हां आल्यानें त्याच्या अंगांत मुरतो. पहिल्या महिन्यांत मूल कडेवर घेतल्यानें सोकावेल ही भीति म्हणूनच अनाठायीं होय. ज्याला उसनें पुरेसें मिळालें, तेंच पुढें स्वतःची शिल्लक करूं शकतें.

मग स्वतःच्या हालचालीचा काळ येतो. मूल मान धरतें, कुशीवर वळतें, पालथें पडतें, पोटावर सरकतें, बसतें, रांगतें, धरून उभें राहतें आणि शेवटीं चालतें. प्रत्येक मूल हा प्रवास आपल्या वेळेनें करतें. जागतिक आरोग्य संघटनेनें भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पांच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ सालीं या टप्प्यांच्या कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. आधारावांचून बसण्याची मर्यादा ३·८ ते ९·२ महिने, हातगुडघ्यांवर रांगण्याची ५·२ ते १३·५ महिने, आणि एकट्यानें चालण्याची ८·२ ते १७·६ महिने अशी आहे. एक मूल आठव्या महिन्यांत चालतें आणि दुसरें सतराव्या महिन्यांत चालतें, तरी दोघेंहि निरोगी असूं शकतात. त्या पाहणींतील शेंकडा चाराहून थोडीं अधिक मुलें हातगुडघ्यांवर रांगलींच नाहींत. तीं दुसऱ्या रीतीनें पुढें सरकून उभीं राहिलीं. शेजारच्या मुलाशीं आपल्या मुलाची शर्यत लावणाऱ्यांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत.

महाराष्ट्रांत मुलीच्या लग्नांत अन्नपूर्णेबरोबर बाळकृष्णाची मूर्ति देण्याची चाल आहे. ती मूर्ति पाळण्यांत निजलेल्या बाळाची नसते, रांगत्या बाळाची असते. एक हात भुईवर टेकलेला, दुसऱ्या हातांत लोण्याचा गोळा आणि मान वर उचललेली. याच वयाकडे, म्हणजे रांगण्याच्या वयाकडे, मानसशास्त्रज्ञांचेंहि लक्ष सर्वांत अधिक गेलें. आणि त्याला एक प्रयोग कारण झाला.

अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनीं केलेला तो प्रयोग १९६० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं एका मोठ्या उंच मेजावर जाड, मजबूत कांच बसविली. एका बाजूस कांचेच्या लगत खालून चौकटीचें कापड लावलें होतें. दुसऱ्या बाजूस तसेंच कापड पुष्कळ खालीं, जमिनीवर अंथरलेलें होतें. त्यामुळें कांच सलग असूनहि एक बाजू उथळ आणि दुसरी बाजू कड्यासारखी खोल भासे. मधोमध एक फळी होती. ६ ते १४ महिन्यांच्या ३६ मुलांना एकेक करून त्या फळीवर ठेवलें आणि त्यांच्या आयांनीं दोन्ही बाजूंनीं आळीपाळीनें त्यांना हांका मारल्या. २७ मुलें फळीवरून हललीं. तीं सर्व उथळ बाजूवर रांगत गेलीं. खोल बाजूवर जाण्यास मात्र केवळ तीन मुलें धजलीं. कांहीं मुलें कांचेवर हात थापटून ती घट्ट असल्याचें पाहत, तरीहि पलीकडे उभ्या असलेल्या आईकडे जात नसत. उलट रडूं लागत.

उंचीची ही भीति मूल जन्मतःच घेऊन येतें काय, हा प्रश्न साहजिकच पुढें आला. गिब्सन आणि वॉक यांच्या प्रयोगावरून त्याचें उत्तर मिळत नव्हतें, कारण त्यांतील सर्वच मुलें रांगतीं होतीं. १९७० सालीं जोसेफ कँपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन-तीन महिन्यांचीं तान्हीं मुलें त्या कांचेवर पालथीं ठेवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. खोल बाजूवर ठेवलें असतां ठोके जलद झाले नाहींत. उलट मंद झाले. माणूस भ्याला म्हणजे ठोके वाढतात, आणि त्याचें लक्ष एखाद्या गोष्टीकडे वेधलें म्हणजे ते मंदावतात. तेव्हां त्या तान्ह्यांना खोली दिसत होती, तिचें कुतूहल वाटत होतें, पण भीति वाटत नव्हती.

१९९२ सालीं कँपोस, बेनेट बर्टेंथाल आणि रोझॅन कर्मोइअन यांनीं याचा पुढचा उलगडा केला. त्यांनीं सुमारें सात महिन्यांचीं एकाच वयाचीं मुलें घेतलीं. कांहीं रांगणारीं, कांहीं अद्याप न रांगणारीं. प्रत्येकाला हळूहळू कांचेच्या खोल बाजूकडे खालीं आणलें असतां रांगणाऱ्यांचे ठोके वाढले. न रांगणाऱ्यांचे वाढले नाहींत. वय एकच आणि डोळेहि तसेच. फरक होता तो रांगण्याच्या अनुभवाचा. यावर एखादा म्हणेल, कीं जीं मुलें लवकर रांगतात तींच मुळांत भित्र्या स्वभावाचीं असतील. या शंकेचेंहि उत्तर मिळालें. आउडुन डाल, कँपोस आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत न रांगणाऱ्या कांहीं मुलांना विजेवर चालणारी एक लहानशी गाडी दिली. समोरचा दांडा मुलानें हातानें ओढला कीं गाडी पुढें जाई. रोज थोडा थोडा असा सराव झाल्यानंतर त्या मुलांच्या हृदयाचे ठोके खोल बाजूवर वाढूं लागले. ज्यांना गाडी मिळाली नव्हती त्यांचे वाढले नाहींत. गुडघ्यांनीं असो कीं चाकांनीं असो, गति स्वतःच्या हातीं आली म्हणजे भीति जागी होते.

असें कां व्हावें? मूल कडेवर असतें तेव्हां कोठें जावयाचें तें दुसरा ठरवितो. मूल वाटेल तिकडे पाहूं शकतें. स्वतः रांगतांना मात्र त्याला समोर पाहावें लागतें, आणि तें पुढें सरकूं लागलें कीं भुई आणि भिंती यांचें दृश्य त्याच्या डोळ्यांच्या कडांवरून मागें वाहूं लागतें. आगगाडीच्या खिडकींतून झाडें मागें पळतांना दिसतात, तसाच हा प्रकार आहे. या वाहत्या दृश्यावरून शरीर आपला तोल राखावयास शिकतें. कड्याच्या टोकाशीं भुई एकदम दूर जाते, त्यामुळें तें वाहणें अकस्मात् थांबल्यासारखें होतें. डोळे एक सांगतात आणि कानांतील तोलाचें इंद्रिय दुसरें सांगतें. त्यांचा मेळ बसेनासा झाला कीं अंगांत भीतीची लहर उठते. जें मूल कधीं स्वतः हललेंच नाहीं, त्याच्या शरीरानें या मेळावर विसंबण्याची संवयच लावून घेतलेली नसते. म्हणून त्याला कांहीं बिघडल्यासारखें वाटत नाहीं.

उभारीच्या शोधांत निघालें असतां वाटेंत भीतीचा जन्म दिसावा, हें कोणाला विपरीत वाटेल. पण ज्याला भीति ठाऊकच नाहीं त्याचें धाडस हें निव्वळ अजाणपण असतें. धोका ओळखून थांबणें, थांबून विचारणें, आणि खात्री झाल्यावर पुढें जाणें हा धीराचा खरा क्रम होय. त्यांतील विचारण्याची क्रिया मूल शब्दांनीं करीत नाहीं. तें आईच्या तोंडाकडे पाहतें.

जेम्स सोर्स, रॉबर्ट एम्डे, कँपोस आणि मेरी क्लिनर्ट यांनीं १९८५ सालीं हें दाखवून दिलें. त्यांनीं त्याच कांचेच्या मेजावर खोली केवळ सुमारें ३० सेंटिमीटर ठेवली, म्हणजे एक वर्षाच्या मुलाला ती धोक्याची कीं बिनधोक हें सहज ठरवितां येऊं नये. मूल कडेपाशीं येऊन घुटमळे आणि समोर उभ्या असलेल्या आईकडे पाही. आईनें बोलावयाचें नाहीं, केवळ चेहऱ्यावर ठरलेला भाव आणावयाचा, असा नियम होता. आईचा चेहरा हंसरा होता अशा १९ मुलांपैकीं १४ मुलें पलीकडे गेलीं. चेहरा भ्यालेला होता अशा १७ मुलांपैकीं एकहि गेलें नाहीं. खोली मुळींच नसतांना मात्र मुलें आईच्या तोंडाकडे क्वचितच पाहत. म्हणजे मूल प्रत्येक गोष्टीसाठीं मोठ्यांवर अवलंबून राहत नाहीं. जेथें त्याची स्वतःची समज संपते, तेथेंच तें दुसऱ्याची समज मागतें. ही मागणी रांगण्यापूर्वीं करण्याचें त्याला फारसें कारण नसतें, कारण तोंवर तें आईच्या हातांतच असतें. दूर जातां येऊं लागल्यावरच दुरून विचारण्याची गरज पडते.

दूर जाणें आणि परत येणें यांचें महत्त्व प्रथम स्पष्टपणें पाहिलें तें मेरी एन्सवर्थ या विदुषींनीं. १९५४ सालीं त्या आफ्रिकेंतील युगांडांत होत्या. कंपाला शहराजवळच्या खेड्यांतील २६ घरीं वारंवार जाऊन त्यांनीं तेथील तान्ह्या मुलांचें निरीक्षण केलें, आणि त्यावरील त्यांचें पुस्तक १९६७ सालीं निघालें. नव्यानें रांगूं लागलेलें मूल आईपासून निघून खोलीच्या कोपऱ्यापर्यंत जाई, तेथील वस्तु हाताळी, मध्येंच वळून आई जागेवर आहे ना हें पाही, आणि थोड्या वेळानें तिच्या मांडीशीं येऊन पुन्हां निघे. आई उठून गेली तर त्याचें हिंडणें थांबे. आई हें त्याचें हक्काचें ठाणें होतें. तें ठाणें पक्कें असेल तितकें मूल निर्धास्तपणें लांब जाई. इंग्लंडांतील मानसवैद्य जॉन बोल्बी यांनीं आई व मूल यांच्या जिव्हाळ्यासंबंधीं जो सिद्धान्त मांडला, त्याला या निरीक्षणांनीं मोठी बळकटी आली. आईला बिलगून राहणें आणि तिला सोडून जाणें या परस्परविरुद्ध गोष्टी नसून एकाच श्वासाच्या दोन बाजू आहेत, हें त्यावरून कळून आलें.

आतां पडण्याचा विचार करूं. न्यूयॉर्क विद्यापीठांतील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १२ ते १९ महिन्यांचीं मुलें मोकळेपणानें खेळत असतां त्यांची मोजदाद केली, आणि ती २०१२ सालीं प्रसिद्ध केली. सरासरीनें एक मूल तासाभरांत २,३६८ पावलें टाकतें, सुमारें ७०० मीटर अंतर चालतें आणि १७ वेळां पडतें. मोठा माणूस एका तासांत सतरा वेळां पडला तर तो अंथरूण धरील. मूल मात्र उठून पुन्हां चालूं लागतें. २०२१ सालीं त्याच प्रयोगशाळेंतून आलेल्या अभ्यासांत असें दिसलें, कीं बहुतेक पडण्यानंतर मूल रडतहि नाहीं. कांहीं सेकंदांतच तें पूर्वीच्या खेळाकडे वळतें. त्याचें अंग हलकें, उंची थोडी आणि वेग कमी, म्हणून आघात सौम्य होतो. निसर्गानें पडण्याची किंमत ज्या वयांत सर्वांत स्वस्त ठेवली आहे, त्याच वयांत सर्वांत अधिक पडणें होतें. चूक झाली, अंग दुखलें नाहीं किंवा थोडेंसें दुखलें, आणि पुन्हां करून पाहिलें तेव्हां जमलें, हा पाठ मूल दिवसांतून शेंकडों वेळां गिरवितें.

अ‍ॅडॉल्फ यांच्या आणखी एका शोधाकडे लक्ष दिलें पाहिजे. त्यांनीं मुलांना उतरत्या फळीवर सोडून पाहिलें, आणि पडूं लागल्यास झेलण्यासाठीं जवळ माणूस ठेवला. नव्यानें रांगणारें मूल कसल्याहि उतारावरून बेधडक खालीं येई. कांहीं आठवड्यांच्या अनुभवानें तें शहाणें होऊन अवघड उतारापाशीं थांबे. पण तेंच मूल चालूं लागलें म्हणजे तें शहाणपण जणूं विसरून जाई, आणि त्याच उतारावर पुन्हां बेधडक पाऊल टाकी. रांगण्यांत मिळविलेली समज चालण्यांत आपोआप उतरत नाहीं. ती नव्यानें मिळवावी लागते. ज्या मुलाला काल जिन्याचें भान होतें त्याला आज तें असेलच असें मोठ्यांनीं धरूं नये. आणि 'एवढें मोठें झालें तरी कळत नाहीं' म्हणून त्याला रागेंहि भरूं नये.

रांगण्याबरोबर घराचें हवामानहि बदलतें. कँपोस, कर्मोइअन आणि झुम्बालेन यांनीं १९९२ सालीं रांगणाऱ्या व न रांगणाऱ्या मुलांच्या पालकांशीं बोलून हें टिपलें. मूल रांगूं लागल्यावर त्याचा राग तीव्र होतो, कारण आतां त्याला कोठें तरी जावयाचें असतें आणि वाटेंत अडथळा येतो. त्याचें प्रेमहि तीव्र होतें; तें आपण होऊन येऊन गळ्यांत पडतें. इकडे आईबापांच्या तोंडीं 'नको', 'हात लावूं नको' हे शब्द वाढतात, आणि मुलानें ऐकावें अशी अपेक्षा ते प्रथमच करूं लागतात. गोड स्वभावाचें मूल एकाएकीं हट्टी झालें अशी तक्रार याच सुमारास ऐकूं येते. तो हट्ट म्हणजे बिघाड नव्हे. इच्छा, अडवणूक, राग आणि समजूत हें चक्र याच वयांत प्रथम फिरूं लागतें, आणि तें शेवटच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे समजुतीपर्यंत, पोंचूं देणें हें मोठ्यांचें काम असतें.

हालचालीची संधीच मिळाली नाहीं तर काय होतें, याचें दुःखद चित्र वेन डेनिस या मानसशास्त्रज्ञानें १९६० सालीं रेखाटलें. इराणांतील तेहरान शहरीं दोन अनाथगृहांत मुलें पुष्कळ आणि सांभाळणारीं माणसें थोडीं होतीं. मुलें दिवसभर खाटल्यांत उताणीं पडून राहत. त्यांना कोणी पालथें ठेवीत नसे, बसवीत नसे, कडेवर घेत नसे. तीं पुष्कळ उशिरां बसूं लागलीं आणि त्याहून उशिरां चालूं लागलीं. तिसऱ्या एका संस्थेंत माणसें अधिक होतीं, मुलांना उचलून घेतलें जाई, पालथें ठेवलें जाई, खेळणीं दिलीं जात. तेथील मुलें इतकीं मागें पडलीं नव्हतीं. मोकळी भुई आणि ओळखीचें माणूस या दोहोंची गरज एकदमच असते, असें यावरून दिसतें.

संस्थेंत वाढणाऱ्या मुलांनाहि या दोन्ही गोष्टी देतां येतात, हें हंगेरींतील डॉक्टर एमी पिक्लर यांनीं करून दाखविलें. १९४६ सालीं त्यांनीं बुडापेस्ट येथें लोट्सी रस्त्यावर निराधार बालकांसाठीं एक गृह काढलें. मुलाला जें आसन स्वतःहून घेतां येत नाहीं त्यांत त्याला मोठ्यांनीं ठेवावयाचें नाहीं, हा त्यांचा नियम असे. बसतां येत नसेल तर उशा लावून बसवावयाचें नाहीं, उभें राहतां येत नसेल तर काखेंत धरून उभें करावयाचें नाहीं. मूल मोकळ्या जागीं उताणें ठेवावें, आणि वळणें, सरकणें, बसणें त्याचें त्यानें शोधून काढावें. मात्र न्हाऊं घालतांना, कपडे बदलतांना, भरवितांना सांभाळणारीनें घाई न करतां, मुलाशीं बोलत, त्याचा कल पाहत सारें करावें. जें मूल स्वतः चढून बसलें आहे त्याला उतरतांहि येतें; ज्याला दुसऱ्यानें बसविलें तें पडण्याच्या भयानें ताठून राहतें.

या सर्वांचा अर्थ लवकर चालणारें मूल पुढें धीट निघतें असा कोणी करूं नये. ताजिकिस्तानांत तान्ह्या मुलांना गाहवोरा नांवाच्या पाळण्यांत दिवसाचे अनेक तास हातपाय बांधून निजविण्याची जुनी चाल आहे. अ‍ॅडॉल्फ यांच्या सहकारी लाना करासिक यांनीं तेथें जाऊन अभ्यास केला. तेथील मुलें पाश्चात्य कोष्टकांपेक्षां उशिरां बसतात, उशिरां चालतात. पण पुढें चालतात आणि धांवतातहि. मूल लवचिक असतें, आणि वाढीच्या वाटा अनेक असतात. ज्या मुलांचे पाय जन्मतःच दुबळे आहेत त्यांच्यासाठींहि वाट बंद नसते. अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठांत बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांतल्या मोटारी बदलून अशा मुलांना चालवावयास देण्याचा उपक्रम याच विचारानें निघाला. पायांनीं जातां येत नसलें तरी आपल्या इच्छेनें आईपासून निघावें आणि आपल्या इच्छेनें परत यावें, हा अनुभव त्यांनाहि मिळावा, हा त्यांतील हेतु आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं तान्हें मूल असेल त्यांच्यासाठीं व्यवहाराच्या गोष्टी थोड्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें, जें मूल अद्याप सरकत नाहीं त्याला जागेपणीं दिवसांतून मिळून निदान ३० मिनिटें पालथें ठेवावें; पट्ट्यानें अडकवून ठेवावयाच्या खुर्चींत किंवा गाडींत एका वेळीं तासाहून अधिक ठेवूं नये; आणि एक वर्षाच्या आंतील मुलापुढें मोबाइलचा किंवा दूरदर्शनचा पडदा धरूं नये. पालथें ठेवणें हें केवळ जागेपणीं आणि कोणी जवळ बसलेलें असतांना. झोपवितांना मूल नेहमीं उताणेंच ठेवावें, कारण पालथ्या झोपेंत तान्ह्या मुलाच्या जिवाला धोका असतो. सतरंजीवर किंवा घट्ट गोधडीवर मोकळी जागा करून द्यावी. पाण्यानें भरलेली बादली, जिना, गच्ची, शेगडी, विजेचीं बटणें यांचा बंदोबस्त आधीं करावा, म्हणजे घडोघडीं 'नको' म्हणण्याची वेळ येत नाहीं.

मूल ज्यांत बसतें आणि पायांनीं भुई ढकलीत भरधांव जातें, ती चाकांची बैठी गाडी मात्र घरांत आणूं नये. तिच्यामुळें जिन्यावरून पडण्याचे इतके अपघात झाले, कीं कॅनडानें २००४ सालीं तिची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. शिवाय त्या गाडींत तोल सांभाळण्याचा प्रश्नच येत नसल्यानें चालणें लवकर येत नाहीं. जुना लांकडी पांगुळगाडा हा निराळा प्रकार होय. त्याची दांडी धरून मूल स्वतःच्या पायांवर उभें राहतें आणि तोल त्यालाच राखावा लागतो. तरीहि सपाट भुई पाहून आणि जवळ माणूस ठेवूनच तो द्यावा. नऊ महिने उलटूनहि जें मूल आधारावांचून बसत नाहीं, अठरा महिने होऊनहि चालत नाहीं, जें एकाच बाजूचे हातपाय वापरतें, किंवा आलेली हालचाल विसरतें, त्याला वेळ न घालवितां डॉक्टरांना दाखवावें.

शेवटची गोष्ट वडील माणसांच्या चेहऱ्याची. मूल पडलें कीं क्षणभर तें भोंवतीं पाहतें. त्या क्षणीं घरांतील चार माणसें किंचाळून धांवलीं, तर कांहीं तरी भयंकर झालें अशी त्याची खात्री होते आणि तें मोठ्यानें रडूं लागतें. पडलेल्या मुलाची समजूत घालण्यासाठीं भुईला चापट मारून 'हिनें पाडलें' असें म्हणण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यामागें माया असते. पण ज्या भुईवर त्याला पुढच्या क्षणीं पाऊल टाकावयाचें आहे तिलाच शत्रु ठरविल्यानें काय साधतें? लागलेलें नसेल तर शांत चेहऱ्यानें त्याच्याकडे पाहावें आणि त्यानें उठण्याची वाट पाहावी. लागलें असेल तर उचलून घ्यावें, दुःख खरें आहे असें त्याला वाटूं द्यावें, आणि रडणें ओसरल्यावर पुन्हां त्याच जागीं खालीं ठेवावें. मुलाला पडूंच न देणें हें कोणाच्याहि हातीं नाहीं. पडलेल्या जागेवरून मान वर उचलतांच ओळखीचा, न घाबरलेला चेहरा त्याला दिसावा, एवढें मात्र प्रत्येक घराच्या हातीं आहे.